रोल संपवायला काढलेला फोटो

दुबईचे ते दोन फोटो तुम्हीही बघितले असतील. डावीकडे शेख झायेद रोड, दोन्ही बाजूंना वाळू, एखाद-दुसरी इमारत, रस्त्यावर चार गाड्या. उजवीकडे तोच रस्ता काचेच्या टॉवर्सनी गच्च भरलेला. खाली ओळ असते की बघा, वाळवंटातून शहर उभं केलं. कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तो फिरत फिरत येतोच आणि मला दर वेळी तितकाच त्रास होतो, कारण डावीकडचा फोटो साधारण १९९० च्या आसपासचा आहे आणि तेव्हा या शहरात काही लाख माणसं राहत होती, फक्त ती त्या रस्त्यावर राहत नव्हती, एवढंच. ती खाडीच्या दोन्ही अंगांना राहत होती, देरामध्ये आणि बर दुबईत, गल्ल्यांमध्ये, दुकानांच्या वरच्या मजल्यांवर. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा दुसऱ्या बाजूला धरला होता.

मी इथे दुबईतच, करामा भागात राहते आणि जुने फोटो बघायचं मला वेड आहे. प्रदर्शनातले, म्युझियममधले, लोकांच्या घरातले, मिळतील तेवढे. आणि जितके जास्त बघितले तितकं पटत गेलं की वाळवंटातून उगवलेलं शहर ही गोष्ट मुळात खरी नाही. दुबई हे बंदर आहे. जुन्या फोटोत तुम्हाला वाळवंट शोधावं लागतं, पाणी मात्र प्रत्येक दुसऱ्या फोटोत आहे.

रोनाल्ड कॉड्राय नावाचा एक इंग्रज १९४८ मध्ये तेल कंपनीच्या नोकरीवर या किनाऱ्यावर आला आणि पुढची काही वर्षं त्याने इथलं रोजचं आयुष्य टिपलं. तेल सापडायच्या कितीतरी आधीचे हे दिवस, दुबईत तेल सापडलं ते १९६६ मध्ये आणि निर्यात सुरू झाली १९६९ ला. त्या काळातल्या फोटोंत जे दिसतं ते गरीब आहे पण रिकामं अजिबात नाही. खाडीत गलबतं एकमेकांना चिकटून लागलेली, काठावर पोती, खजुराच्या झावळ्यांची घरं, आणि त्यांच्या मधून वर आलेले वारा पकडणारे मनोरे, ज्यांना इथे बारजील म्हणतात. चारही बाजूंनी उघडा मनोरा, आत तिरक्या भिंती, वारा कुठूनही आला तरी अडून खाली खोलीत उतरतो. समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडाची भिंत, वरून गिलावा, आणि छताला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतात भरून आणलेले खारफुटीचे वासे. खोली किती रुंद बांधायची हे त्या वाशाच्या लांबीवर ठरायचं, म्हणून त्या काळातल्या खोल्या लांबच लांब आणि अरुंद. ज्यांना दगडाचं घर परवडत नव्हतं ते झावळ्यांच्या घरावरसुद्धा गोणपाट ताणून मनोरा करायचे, असे फोटो आहेत, आणि ते मला मोठ्या वाड्यांच्या फोटोंपेक्षा जास्त आवडतात कारण उकाडा सगळ्यांनाच होतो ना.

पाण्याचे फोटो बघा. गाढवाच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे लटकवलेले आणि मागून एक माणूस चालतोय. हे दृश्य इतक्या जणांनी टिपलंय की मला आधी वाटायचं गाढव आवडायचं सगळ्यांना, पण नंतर लक्षात येतं की गोडं पाणी विहिरींवरून असंच दारोदार यायचं, तेव्हा हे दृश्य दिवसभर समोरच असणार. माझ्या आजोळीसुद्धा मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायचा त्यामुळे पाण्याचा डबा जपून ठेवणारी बाई मला लगेच ओळखू येते. बाई म्हणजे खरं तर फोटोत बाई जवळजवळ नाहीच. एखाद्या दारातून अर्धी दिसणारी, चेहऱ्यावर बुरख्याची ती कडक पट्टी, लांबून घेतलेली. कॅमेरे बाहेरून आलेल्या पुरुषांच्या हातात होते, घराच्या आत त्यांना कोण घेणार. त्यामुळे स्वयंपाक, मुलांना न्हाऊ घालणं, दुपारची झोप, उन्हाळ्यात गच्चीवर घातलेली अंथरुणं, रोजच्या आयुष्याचा निम्म्याहून जास्त भाग या रोजच्या आयुष्याच्या फोटोंमध्ये आलेलाच नाही.

आता खाडी. ती गाळाने भरत चालली होती आणि ओहोटीला मोठी गलबतं आत येऊ शकत नव्हती. शेख रशीद १९५८ ला गादीवर आले आणि त्यांनी कुवेतकडून कर्ज घेऊन, व्यापाऱ्यांना बाँड विकून १९५९ ते १९६१ मध्ये गाळ उपसून घेतला. तेलाचा एक थेंब मिळायच्या आधी उधारीवर केलेलं काम आहे हे. मग १९६० ला विमानतळ, तोही आधी दाबून घट्ट केलेल्या वाळूच्या धावपट्टीचा, मग वीज, टेलिफोन, १९६३ ला खाडीवरचा पहिला पूल, मकतूम ब्रिज. पूल होईपर्यंत पलीकडे जायचं तर अब्रा, म्हणजे ती छोटी होडी, नाहीतर खाडीला पूर्ण वळसा. अब्रा आजही एक दिरहॅममध्ये पलीकडे नेते, तेव्हा वल्ह्यांची होती, आता मोटरची. १९६८ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या जेमतेम ५९ हजारांच्या घरात होती. सात वर्षांनी, १९७५ ला, ती तिपटीहून जास्त झाली होती. फोटोंमध्ये ही वाढ आकड्यांसारखी दिसत नाही, ती अब्रामध्ये उभ्या राहिलेल्या माणसांमध्ये दिसते. आधीच्या फोटोंत लोक ऐसपैस बसलेत, नंतरच्या फोटोंत उभे आहेत, हातात ब्रीफकेस, बोचकी, आणि कपडे बघाल तर कंदुऱ्याच्या, म्हणजे इथल्या अरबांच्या लांब पांढऱ्या झग्याच्या बाजूला लुंगी, सलवार, टेरिकॉटची पँट.

आणि बाजाराच्या त्या फोटोंत दुकानदाराच्या हातात ज्या नोटा आहेत ना, त्या रुपये आहेत. हे आपल्याकडे फार जणांना माहीत नसतं. इथे भारतीय रुपयाच चालायचा. १९०९ मध्ये दुबईत पोस्ट ऑफिस उघडलं तेही भारतीय पोस्टाचं. भारतात सोन्याच्या आयातीवर बंदी आणि दुबईत सोनं खुलेआम विकलं जायचं, त्यामुळे रुपये इकडे यायचे, सोन्याची दहा तोळ्यांची बिस्किटं गलबतातून तिकडे जायची, आणि त्यातली बरीच आपल्या मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर रात्रीची उतरायची. परकीय चलनाची ही गळती थांबवायला रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया छापला, जो भारतात चालत नव्हता. तो १९६६ पर्यंत टिकला. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं आणि एका दिवसात इथल्या माणसाच्या खिशातले पैसे एक तृतीयांशाहून जास्त हलके झाले. मग कतार-दुबई रियाल आला आणि १९७३ ला दिरहॅम. मला त्या १९६५-६६ च्या बाजाराच्या फोटोंतले चेहरे बघताना नेहमी वाटतं, हे जे काका गल्ल्यापाशी बसलेत त्यांना अजून माहीत नाही.

मुंबईशी नातं त्याच्याही आधीचं. इथले मोती मुंबईत विकले जायचे, तांदूळ, चहा, कापड, सागवान तिथून यायचं. मोत्यांचा धंदा १९२९ नंतरच्या मंदीत आणि जपानच्या कल्चर्ड मोत्यांमुळे बसला तेव्हा हा सगळा किनारा उपाशी राहिला, पण मुंबईची बोट चालूच राहिली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या त्या बोटी, द्वारका, दुम्रा, दारा, मुंबई-कराची-आखात-बसरा असा फेरा. दुबईत तेव्हा धक्का नव्हता, बोट बाहेर समुद्रात नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, बकऱ्या सगळं छोट्या होड्यांतून काठावर यायचं. या उतरण्याचे फोटो आहेत आणि ते बघताना पोटात गोळा येतो, शिडीवर एक पाय, होडी खालीवर होतेय, डोक्यावर ट्रंक.

यातली दारा बोट ८ एप्रिल १९६१ ला स्फोट होऊन पेटली. आदल्या दिवशी ती दुबईबाहेर उभी होती, वादळ आलं म्हणून कॅप्टनने तिला खोल समुद्रात नेलं, आणि त्या वेळी बोटीवर फक्त प्रवासी नव्हते, नातेवाइकांना सोडायला आलेले लोक होते, माल विकायला चढलेले फेरीवाले होते, हमाल होते. त्यांना उतरताच आलं नाही. २३८ माणसं गेली. मी जेव्हा जेव्हा जुन्या काळातला कोणाला तरी निरोप देण्याचा फोटो बघते, काठावर किंवा बोटीच्या कठड्याशी उभी असलेली गर्दी, तेव्हा मला दारा आठवते. हमाल म्हणून तासाभरासाठी वर गेलेला माणूस.

हमालावरून माझा मूळ मुद्दा. या जुन्या फोटोंच्या खालच्या ओळी वाचा कधी. इमारतीचं नाव असतं, गाडीचं मॉडेल असतं, शेख असतील तर त्यांचं नाव, मागच्या नातवाचंसुद्धा नाव असतं. आणि बाकी सगळे म्हणजे 'अब्रातले प्रवासी', 'देरा बाजारातला विक्रेता', 'कामगार'. कोणी मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही. फोटो काढणाऱ्याने नाव विचारलं नाही, भाषा येत नव्हती, माणूस पुढे निघून गेला. पण पन्नास-साठ वर्षांनी परिणाम असा की शहर वाढवणाऱ्या माणसांचे फोटो भरपूर आहेत आणि त्यातली माणसं कोणालाच माहीत नाहीत.

फोटो काढणाऱ्यांत आपल्याकडचेही होते, हे सांगायलाच हवं. आज पाकिस्तानात असलेल्या ग्वादरमध्ये जन्मलेले नूर अली रशीद १९५८ ला इथे आले आणि आयुष्यभर फोटो काढत राहिले. मुंबईचे रमेश शुक्ला १९६५ ला बोटीने आले, बरोबर रोलिकॉर्ड कॅमेरा. २ डिसेंबर १९७१ ला अमिरातींचं संघराज्य झालं त्या दिवशीचा, झेंड्याखाली उभ्या असलेल्या शासकांचा जो फोटो इथल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे, तो त्यांचा. त्याच शुक्लांनी खाडी, उंटांच्या शर्यती, रस्त्यावरची साधी माणसंही भरपूर टिपली. मुंबईहून आलेल्या माणसाला गर्दीत बघायचं कसं हे वेगळं शिकवावं लागत नाही, त्यांच्या फोटोंत ते जाणवतं मला.

पण तरीसुद्धा एक जागा या सगळ्यांच्या फोटोंतून सुटली, आणि ती मला दुबईत सापडली नाही, चिपळूणजवळ आमच्या गावात सापडली.

आमच्या शेजारचे चाचा १९७४ मध्ये द्वारका बोटीने इथे आले होते. रत्नागिरी, खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, या पट्ट्यात असं एक घर नसेल जिथून कोणी आखातात गेलं नाही. चाचा आता नाहीत. चाचींकडे त्यांच्या पत्रांबरोबर आलेल्या फोटोंचा अल्बम आहे, तो चिकट पानांचा, वर प्लास्टिक असलेला. गेल्या दिवाळीत त्यांच्या पडवीत बसून मी तो पूर्ण बघितला.

पहिले फोटो सगळे अपेक्षित. देराचा क्लॉक टॉवर आणि त्याच्यासमोर चाचा, गॉगल, बेलबॉटम. कोणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून चाचा. कारंज्यापाशी चाचा आणि आणखी दोघं. स्टुडिओत मागे रंगवलेला धबधबा आणि हातात टू-इन-वन. तो काळ ज्यांच्या घरात आला त्यांना आठवेल, त्या टू-इन-वनवर आवाज भरून कॅसेट गावी पाठवायचे, सगळं घर भोवती बसून ऐकायचं आणि मग उलट्या बाजूला आपलं बोलणं भरून परत पाठवायचं. हे फोटो खोटे नाहीत. घरच्यांना काळजी वाटू नये म्हणून निवडून पाठवलेले आहेत, आणि त्या निवडीत खूप प्रेम आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि मग एक फोटो असा की मी पान उलटायची थांबलेच. एक खोली. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर भाताचं पातेलं, एका ताटात तळलेले बांगडे, तीन माणसं बनियनवर मांडी घालून जेवतायत. मागे दोन मजली लोखंडी पलंग, वरच्या पलंगाखाली दोरी बांधून त्यावर टॉवेल. खिळ्यांना शर्ट, एकावर एक चार-पाच. भिंतीवर मुंबईच्या कुठल्याशा दुकानाचं कॅलेंडर, महिना वाचता येत नाही. एका कोपऱ्यात पलंगाखाली ट्रंकांची रांग, प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव. चाचा कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत, काटा काढतायत. फ्लॅशने समोरच्या माणसाचा खांदा पांढरा पडलाय.

मी विचारलं हा कसा काय पाठवला त्यांनी. चाची म्हणाल्या, "अगं तो रोल संपत नव्हता ना. एक फोटो शिल्लक होता, म्हणून जेवताना काढला कोणीतरी. मग धुवायला दिला."

तेव्हापासून मी प्रत्येक अल्बममध्ये हेच शोधते. छत्तीस फोटोंचा रोल असायचा, महाग असायचा, तो पूर्ण झाल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही अशी पद्धत. चांगले फोटो काढून झाले की शेवटचे एक-दोन कशाचेही काढायचे आणि त्या कशाचेहीमध्ये खरं रोजचं आयुष्य आलंय. आमच्याच गावातल्या आणखी एका घरात अशाच रोलच्या शेवटी गॅसच्या शेगडीचा फोटो आहे, नुसती शेगडी आणि कढई. दुसऱ्या एकाकडे बांधकामाच्या साइटवर झोपलेल्या मित्राचा, तोंडावर टोपी, मागे लाकडी परांच्या आणि अर्धवट स्लॅब. कुठली इमारत ते कळत नाही. तेव्हा पोर्ट रशीद हे बंदर नुकतंच झालं होतं, जेबेल अलीचं बंदर खणायचं काम पुढे सुरू व्हायचं होतं, १९७९ ला ३९ मजली वर्ल्ड ट्रेड सेंटर उघडलं आणि त्याच्या भोवती तेव्हा नुसती वाळू होती, तोही फोटो प्रसिद्ध आहे. शंभर दिरहॅमच्या कागदी नोटेवर एका बाजूला जुना फहिदी किल्ला आणि मागे हे ट्रेड सेंटर. ते कोणत्या खोल्यांत राहून कोणी बांधलं, ते बघायचं तर कोकणातल्या, केरळातल्या कपाटांमध्ये बघावं लागेल.

बाहेरच्या फोटोग्राफरला त्या खोल्यांत जाता आलं नाही, जसं चार पिढ्यांपूर्वीच्या अरबी घरात जाता आलं नाही. आणि आत राहणाऱ्याला तिथला फोटो काढावासा वाटला नाही कारण तो गावी कोणाला दाखवायचा. हे समजण्यासारखं आहे. इथे जुन्या गोष्टी जपायचं भानही उशिरा आलं, बस्तकिया, म्हणजे त्या बारजीलवाल्या घरांचा मोहल्ला, ऐंशीच्या दशकात अर्धा पाडून झाला होता आणि उरलेला पडणारच होता, तो काही लोकांच्या खटपटीने वाचला. दगडमातीच्या घराची ही गत तर लोखंडी पलंगाची खोली कोण जपणार. त्या खोल्यांच्या जागी आता काय आहे हेही सांगता येत नाही.

म्हणून मला या फोटोंची घाई वाटते. कोकणातली दमट हवा, चार महिने पाऊस, फोटोंवर बुरशी धरते, आणि त्या चिकट पानांचा गोंद रंग ओढून घेतो. चाचींच्या अल्बममधले दोन फोटो काढताना फाटलेच असते, मग दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवत नेला तेव्हा सुटले. ओढून काढू नका, न सुटणारा असेल तर पानासकट स्कॅन करा, मोबाइलने काढलात तरी चालेल, फक्त तिरपा उजेड पडू देऊ नका. आणि मागची बाजूही काढा. चाचांच्या फोटोंमागे निळ्या पेनाने तारीख आहे, काहींवर उर्दूत, काहींवर मराठीत एक-एक ओळ, एकावर नुसतं 'गरमी फार' एवढंच.

सगळ्यात महत्त्वाचं, आत्ता घरात जे कोणी आहे त्याला शेजारी बसवून विचारा की हा कोण. चाचींनी त्या जेवणाच्या फोटोतला दुसरा माणूस लगेच ओळखला, पलीकडच्या वाडीतलाच, त्याचा मुलगा आज शारजात आहे आणि त्याला मी फोटो पाठवला, त्याने वडिलांना बनियनवर कधी बघितलंच नव्हतं म्हणाला. तिसऱ्याचं नाव चाचींना आठवेना. सगळे त्याला मास्तर म्हणायचे कारण तो सगळ्यांची पत्रं लिहून द्यायचा, मंडणगडकडचा होता, बहुतेक बाणकोटच्या बाजूचा, उजव्या गालावर व्रण, आणि ८० च्या आसपास परत गेला. ट्रंकेवरची अक्षरं मी मोठी करून बघितली, त्यात एकीवर पहिलं अक्षर 'म' दिसतंय, ते मास्तरचं असेल किंवा दुसऱ्याच कोणाचं. बाणकोट, वेळास, केळशी या भागात कोणाचे आजोबा सत्तरच्या दशकात दुबईत होते आणि लोकांची पत्रं लिहायचे, असं कोणाला माहीत असेल तर मला कळवा, मे महिन्यात मी गावी येतेय तेव्हा फोटो घेऊन तिकडे जाणार आहे.